हेडर्स बसवा, पण आधी ब्रेकचा पाईप बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांवरचं पान वाचलं. फोटो बघून वडिलांची आठवण आली, कारण आमच्या दारात पण १९७२ ची अँबेसिडर उभी आहे, त्यांनीच घेतलेली, आणि ती अजून चालते. पण त्या पानावर एका ठिकाणी लिहिलंय की जुना बिडाचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणारा भाग, काढून त्याजागी पाईपांचे हेडर्स बसवले की गाडी मोकळी पळते, आवाज पण भारी येतो, आणि विषय तिथंच संपवलाय. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. हेडर्स बसवताना ब्रेकचा पाईप आणि रबरी होज कुठून जातो हे नीट बघितलं नाही तर काय होतं ते मी घाटात भोगलंय, गाडीत बायको, सासूबाई आणि मुलगी असताना.

हेडर मी काही हौसेनं बसवला नव्हता. मूळ मॅनिफोल्डला तडा गेला, बिडाला वेल्डिंग करून बघितलं, दोन महिन्यांत परत तिथंच तडकला. अँबेसिडर बनायची २०१४ ला बंद झाली, नवीन मॅनिफोल्ड कुठं मिळेना, भंगारात दोन मिळाले ते पण तडकलेले. मग इथंच कोल्हापुरात एका मिस्त्रींनी पाईप वाकवून हेडर बनवून दिला. ह्या १४८९ सीसीच्या इंजिनाला सिलिंडर चार पण एक्झॉस्टची भोकं तीनच, मधल्या दोन सिलिंडरचा धूर एकाच भोकातून बाहेर पडतो, मूळचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी सिरीज डिझाइन आहे ते, त्यामुळे हेडरला पाईप पण तीनच लागतात. काम सुबक झालं होतं, त्यात खोट नाही.

मिस्त्रींचं म्हणणं होतं की एक्झॉस्ट सगळा डाव्या अंगाला, स्टेअरिंग आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) उजव्या अंगाला, मग काळजी कसली. मला पण पटलं. पण डाव्या पुढच्या चाकाला ब्रेक ऑइल जायचं तर पाईप डावीकडं येणारच की. तो पाईप चेसिसला क्लिपनं धरलेला असतो, पुढं ब्रॅकेटला संपतो आणि तिथून रबरी होज चाकाकडं जातो. हेडरचा पहिला पाईप नेमका त्या ब्रॅकेटच्या वरून खाली उतरत होता. मी विचारलं तर मिस्त्रींनी मधे बोट घालून दाखवलं, "काय होत नाही ओ सर, लागत नाही कुठं." बोट जात होतं हे खरं. पण तेव्हा गाडी गार होती आणि इंजिन बंद होतं.

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही कुणकेश्वरला निघालो. कोल्हापूर ते गगनबावडा काही त्रास नाही, ब्रेक नेहमीसारखा. गगनबावड्यात चहाला वीस मिनिटं थांबलो आणि करूळ घाट उतरायला लागलो. पहिल्याच वळणाला पेडल निम्म्यापर्यंत गेलं, एकदम मऊ, ओल्या स्पंजवर पाय दिल्यासारखं. पंपिंग केलं तर जरा वर आलं, पुढच्या वळणाला थेट फ्लोअरला टेकलं. सेकंड टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या अंगाला घेतली आणि चारीच्या कडेला दगडाला टेकवून थांबवली. सासूबाईंनी मुलीला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं ते अजून डोळ्यांसमोर येतं.

आणि अर्ध्या तासानं पेडल परत घट्ट! काहीच झालं नाही असं. ऑइल कमी झालेलं नाही, गळती कुठं नाही. हेच ह्या दोषाचं सगळ्यात वाईट आहे बघा, गाडी गार झाली की ब्रेक मस्त लागतो, तुम्ही गॅरेजला नेता, मिस्त्री चक्कर मारून येतात आणि म्हणतात ब्रेक ओके आहे, एअर असेल, काढून टाकतो. दोन गॅरेजमध्ये मला हेच ऐकायला मिळालं.

मग मी स्वतः गाडीखाली बॅटरी घेऊन शिरलो. ब्रॅकेटजवळ ब्रेकच्या पाईपावरचा रंग फुगून उडाला होता, आणि होज हेडरकडच्या अंगाला भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा चुरचुरीत, नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला. दुसऱ्या अंगाला तोच होज नव्यासारखा काळा कुळकुळीत. म्हणजे हेडर कुठं घासलाच नव्हता, नुसत्या धगीनं हे झालं होतं.

असं का होतं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की लागत नाही म्हणजे झालं. बिडाचा मॅनिफोल्ड जाड असतो, आणि गाडी बनवणाऱ्यांनी पाईप कुठून न्यायचे ते त्याच्याकडं बघूनच ठरवलेलं असतं. हेडरचा पाईप जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा, चढावर तो चारशे-पाचशे डिग्रीपर्यंत तापू शकतो आणि त्याची धग आजूबाजूला सगळीकडं लागते. इकडं डॉट ३ ह्या ग्रेडच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २०५ डिग्री, पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी मुरलेल्या ऑइलचा आकडा १४० वर येतो. डॉट ४ चे २३० आणि १५५. आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन-तीन वर्षं न बदललेलं ऑइल कुठल्या आकड्याजवळ असणार ते तुम्हीच ओळखा. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते, ऑइल दबत नाही, म्हणून पेडल खाली जातं. आणि हे गाडी पळताना नाही तर थांबल्यावर होतं, कारण वारा बंद होतो आणि बॉनेटखालची सगळी धग तिथंच कोंडते. माझा चहाचा थांबाच मला नडला. त्यात माझ्या गाडीचा मास्टर सिलिंडर जुन्या पद्धतीचा, चारी चाकांना एकच सर्किट, म्हणजे एका कोपऱ्यात ऑइल उकळलं की चारी ब्रेक गेले. होज फुटला असता तर आणखी वाईट, ब्रेक ऑइल तापलेल्या हेडरवर पडलं तर पेट घेऊ शकतं.

अजून एक गोष्ट, इंजिन जागेवर स्थिर नसतं. रबरी माउंटिंगवर ते ॲक्सिलेटर दिला की एका अंगाला कलतं, बॉनेट उघडून कुणाला तरी रेस द्यायला सांगा, दिसेल. हेडर इंजिनाबरोबर हलतो, ब्रेकचा पाईप चेसिसला धरलेला, त्यामुळे गार गाडीत दिसणारी एक बोटाची जागा चढावर अर्धी पण राहत नाही, आणि माउंटिंग जुनी होऊन दबलेली असतील तर बघायलाच नको. आधी माउंटिंग नवीन घाला, मग माप घ्या.

त्याच मिस्त्रींकडं परत गेलो. होज बघितला आणि ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग दोन दिवस दुसरं काम न घेता त्यांनी हे सगळं नव्यानं केलं, पैसे घ्यायला तयार नव्हते. ब्रेकचा पाईप लांबून, चेसिसच्या आतल्या अंगानं नेला, मूळच्याच मापाचा स्टीलचा पाईप, टोकं डबल फ्लेअर (दुहेरी दुमडून) करून, दर वीतभर अंतरावर क्लिप. इथं कळकळीनं सांगतो, फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी ब्रेकला कधीच लावू नका, वाकते छान पण हादऱ्यांनी कडक होऊन तडकते. आता हेडर आणि पाईपात चार बोटं जागा आहे, आणि मधे ॲल्युमिनियमच्या पत्र्याची शील्ड, ती हेडरला नाही तर बॉडीला बोल्ट केलेली, दोन्हीकडून हवा खेळती. होज नवीन घातला, स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून आणि चाक खाली लोंबकळत सोडून तो कुठं ताणत नाही ना ते बघितलं. हेडरला धग अडवणारी पट्टी गुंडाळायचा सल्ला पण मिळाला होता, तो मी घेतला नाही, पट्टीत पावसाचं पाणी राहून साधा पाईप गंजतो आणि ऑइल मुरलं तर तीच पेटते. ॲस्बेस्टॉसच्या दोरीचं तर नावच काढू नका, ती धूळ फुफ्फुसात गेली की सुटका नाही.

फ्लँजचं, म्हणजे इंजिनाला बोल्ट होणाऱ्या पट्टीचं, पण सांगायला पाहिजे. बी सिरीजला इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारा) आणि एक्झॉस्ट दोन्ही त्याच स्टडवर एकाच जाड वॉशरनं दाबले जातात. हेडरचा फ्लँज इनटेकच्या फ्लँजपेक्षा पातळ झाला तर वॉशर एकालाच दाबतो, पॅकिंग फुंकतं आणि तिथून निघणारा जाळ गॅसबत्तीसारखा एकाच जागी लागत राहतो. आमचा अर्ध्या मिलिमीटरनं कमी निघाला.

काम झाल्यावर मुद्दाम तशीच परीक्षा घेतली. गाडी चढावर तापवली, इंजिन बंद करून वीस मिनिटं थांबलो, मग सपाट मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक दाबून बघितला. पेडल पहिल्यासारखंच घट्ट. तो भाजलेला होज मिस्त्रींनी ठेवून घेतला, गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलाय, हेडर मागायला कुणी आलं की आधी तो हातात देतात.

मूळ मॅनिफोल्ड मात्र मी तडकलेला असला तरी टाकला नाही, आणि वाचकांनीही टाकू नये. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ स्वरूपात पाहिजे अशी अट आहे. चांगला मॅनिफोल्ड मिळाला की मी तो परत चढवणार आहे.

तुमच्या पानाला माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी हेडर्सचा चकचकीत फोटो छापाल तेव्हा शेजारी ब्रेकचा पाईप कुठून जातो तो पण फोटो छापा. आणि रॅली भरवणाऱ्यांनी गाड्या तपासताना रंग आणि क्रोमबरोबर डाव्या-उजव्या होजला पण एकदा हात लावून बघावा, गाडी पोचल्यावर लगेच नाही, वीस मिनिटांनी, इंजिन बंद असताना, आणि आधी हातमोजे घालून.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर