चिपळूणला परत न येण्याविषयी

ती. आई व बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचे अर्धे राहिले, म्हणून लिहिते आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान आता पक्के झाले आहे. नोकरी सोडून मी घरी येणार नाही, पुण्यातच उपचार घेणार आहे, हेही माझे ठरले आहे.

हा अर्धांगवायू नव्हे, आणि माईआत्याचे जे झाले तेही हे नव्हे. यात रोगप्रतिकारशक्तीच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतील तंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते, त्यामुळे तिथून जाणारे संदेश मंदावतात किंवा अडतात. गेल्या वर्षी उजव्या डोळ्याने धूसर दिसत होते आणि यंदा मान वाकवली की पाठीतून पायांपर्यंत झिणझिण्या जात होत्या, ती दोन्ही याचीच लक्षणे. माझा प्रकार अधूनमधून उसळून पुन्हा शांत होणारा आहे. सुमारे 85 टक्के रुग्णांत सुरुवातीला तोच असतो. पहिल्यापासून सावकाश वाढत जाणारा प्रकार निराळा. माझा आजारही पुढे त्या वळणावर जाऊ शकतो, आणि तेच लांबवण्यासाठी औषध लवकर सुरू केले आहे.

आई, माझ्या लहानपणीच्या तापात काही हयगय झाली का, असे तू विचारलेस. नाही ग. एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर या आजाराचा धोका सुमारे 32 पटींनी वाढतो, असे अमेरिकन सैनिकांच्या रक्तनमुन्यांवरून 2022 साली दिसून आले. पण तो संसर्ग जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी होतोच, आणि आजार मात्र फार थोड्यांना होतो. त्यात जनुकांचा, ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा, धूम्रपानाचाही वाटा असतो. तू रात्र रात्र उशाशी बसून माझ्या कपाळावर घड्या बदलत होतीस, ते मला अजून आठवते. तुझ्याकडून काहीही राहिले नाही.

दर सहा महिन्यांनी शिरेतून औषध घ्यायला दिवसभर रुग्णालयात थांबावे लागते, एमआरआय आणि डॉक्टर इथेच आहेत, आणि कार्यालयाने घरून काम करायला परवानगी दिली आहे. इमारतीला लिफ्ट आहे, पोळ्या करायला मावशी येतात, दुपारी मी आडवी होते, कारण थकवा हेही याचेच लक्षण आहे. उष्म्याने जुनी लक्षणे तात्पुरती वर येतात, नवे नुकसान होत नाही. तरीही यंदा मे महिन्यात येणार नाही. मार्गशीर्षात नक्की येईन, आणि तेव्हा तुझ्या ताटातलेच जेवेन, कारण हा आजार कोणाला लागत नाही.

बाबा, प्रतिकारशक्ती वाढवणारी चूर्णे कृपा करून पाठवू नका. माझे औषध त्याच शक्तीला आवर घालण्यासाठी आहे. तुमची रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही आणि नारळ काढायला गडी बोलवायचा. मी येईन तेव्हा घरात कोणाला ताप-खोकला असेल, तर आधी कळवा, म्हणजे मी दिवस पुढे ढकलीन.

तुमची,
मनू