रोझ बर्ड यांना अडीच ओळी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या महिला न्यायाधीशांवरचा लेख वाचला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या माजी सरन्यायाधीश रोझ बर्ड यांना त्यात अडीच ओळी आहेत. फाशी रद्द करत राहिल्या आणि १९८६ मध्ये मतदारांनी घरी बसवलं, एवढंच. काल दिवसभर राग गेला नाही, म्हणून लिहिते.

तेव्हा मी कॅलिफोर्नियातल्याच सॅन होजेत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात कामाला होते. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचे वडील मेक्सिकोहून आलेले, उमेद सगळी सॅलिनासच्या मळ्यांत लेट्यूसच्या विरळणीत गेलेली. हातात आखूड दांड्याचं खुरपं, फूट-दीड फुटाचं. मजूर त्याला ‘एल कोर्तितो’, म्हणजे ‘आखूडसं’, म्हणत. आपल्याकडे बायका बसून खुरपतात, तसं नाही. दिवसभर कमरेत वाकूनच पुढं सरकायचं. कुणी पाठ सरळ केली की मुकादमाला लांबून दिसे, म्हणून मालकांना तेच सोयीचं. मी मैत्रिणीच्या घरी गेले तेव्हा दार वडिलांनीच उघडलं. माझ्याकडे मान वर करून बघायला त्यांना चौकट धरावी लागली. रात्री ते खुर्चीतच झोपत, पाठ टेकवत नव्हती.

१९७५ मध्ये त्या खुरप्यावर बंदी आली तेव्हा राज्याचं शेती खातं बर्डबाईंकडे होतं. शेतमजुरांना मतदानाने आपली संघटना निवडायचा हक्क देणारा कायदा त्याच वर्षीचा, त्यातही त्यांचा मोठा वाटा. १९७७ ला त्या सरन्यायाधीश झाल्या, त्या न्यायालयातली पहिली स्त्री. लेखात यातलं काही नाही!

फाशीची साठहून अधिक प्रकरणं त्यांच्यापुढे आली आणि प्रत्येकात त्यांनी शिक्षा रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं, हे खरं. पण बहुतेक प्रकरणांत न्यायालयाचं बहुमतही तेच होतं, हे का नाही लिहिलं? तिथे न्यायाधीशाला पदावर ठेवायचं की नाही, यावर लोक मत देतात. १९८६ ला बर्डबाईंच्या विरोधात टीव्हीवर खून झालेल्यांच्या नातलगांच्या जाहिराती लागत. त्यांचं दुःख खरं होतं, बघून मलाही रडू येई. पण त्या प्रचाराला पैसा पुरवणाऱ्यांत बडे शेतमालकही होते. दोन तृतीयांश मतं विरोधात गेली. सोबत पद गमावलेले न्यायमूर्ती क्रूझ रेनोसो तर शेतमजुराचेच पुत्र. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मैत्रीण कामावर आली, पण सुट्टी होईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

पुढे बर्डबाई गरिबांच्या कायदा केंद्रात झेरॉक्स काढायला जात. आपण कोण हे तिथे सांगितलंही नव्हतं. १९९९ मध्ये कर्करोगाने गेल्या.

आणखी एक. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पाठदुखीवर दिवाळीआधी पाठवलेलं माझं पत्र आपण चार ओळींवर आणलंत आणि डोक्यावरच्या मोळीचा भाग नेमका गाळलात. हे पत्र जागेअभावी कापावं लागलं तर फाशीचा परिच्छेद कापा, खुरप्याचा तेवढा राहू द्या.

आपली,
एक वाचक, लातूर