तुम्ही सोडलेली रिकामी ओळ

आदरणीय ओल्ड पा (तुमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला असंच म्हणतात),

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीत लिहितोय. लायबेरियातल्या सुआकोकोत तुमच्यासमोर माझ्या तोंडून ‘थँक्यू’पलीकडे काही निघालंच नाही. आणि तुम्ही काय केलंत ते माझ्या माणसांना कळायला हवं.

माझे बाबा दापोलीला भातशेती शिकले आणि 1983 मध्ये लायबेरियात, तुमच्या कटिंग्टन कॉलेजात शिकवायला आले. 1990 मध्ये तिथलं यादवी युद्ध दाराशी आलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आम्ही दोन पिशव्या घेऊन निघालो. बाबांची प्रमाणपत्रं, भाताच्या नोंदवह्या, सगळं त्या घरात राहिलं. इथे परत आल्यावर ज्या कचेरीत गेले तिथे एकच उत्तर: शिक्क्याचा कागद आणा. सात वर्षं कुणी धरलीच नाहीत. एका साहेबांनी तर विचारलं, “आफ्रिकेत खरंच कॉलेज होतं का हो?” बाबा घरी येऊन जेवले नाहीत त्या दिवशी.

खरंच कॉलेज होतं का! 1889 पासून होतं. लायबेरियातच केप पामासला एपिस्कोपल चर्चचे बिशप सॅम्युएल फर्ग्युसन यांनी ते काढलं, आणि रॉबर्ट फुल्टन कटिंग यांनी त्यासाठी जे 5000 डॉलर दिले ते मुळात शेतासाठी होते. मुलांनी हाताने राबावं आणि शिकावं म्हणून. बाबांना याचं फार कौतुक होतं. “आमचं कॉलेज शेतातनं उगवलंय,” म्हणायचे. 1929 मध्ये ते बंद पडलं आणि वीस वर्षांनी, 1949 मध्ये, राजधानी मोनरोव्हियापासून 120 मैलांवर सुआकोकोला पुन्हा उघडलं. म्हणून 1990 मध्येही बाबा आईला सांगत होते, “एकदा उघडलंय, परत उघडेल.”

उघडलं. 1998 मध्ये. तोवर बाबांच्या नोकरीचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. 2009 मध्ये ते गेले.

मधल्या वर्षांत तिथे काय झालं ते मी तुमच्याकडूनच ऐकलं. बंडखोरांचा म्होरक्या चार्ल्स टेलर याचं ठाणं जवळच बांगा गावात, आणि कॉलेजच्या आवारात त्याची बंदूकधारी पोरं. म्युझियममधले मुखवटे गेले, पुस्तकं गेली. उघडल्यावर वर्षभरात दुसरं युद्ध सुरू झालं, ते 2003 मध्ये थांबलं. 2014 मध्ये इबोला आला तेव्हा वर्गांना कुलपं, आणि आवारात रक्ताचे नमुने तपासायची प्रयोगशाळा. हे सगळं तुम्ही भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होतात.

मी आलो होतो तो नुसतं बाबांचं घर बघायला. कागद मिळेल ही आशा कधीच सोडली होती. तुमचा उजवा गुडघा दुखत होता, तरी भर दुपारी त्या तांबड्या मातीतून माझ्याबरोबर चाललात. माती अगदी आमच्या कोकणासारखी. घराच्या जागी जोतं उरलंय. तुम्ही पायरीवरचा पाला हाताने बाजूला केलात आणि मला बसायला सांगितलंत.

मग पिशवीतून ती वही काढलीत. शाळकरी, कोपरे दुमडलेली. युद्धाआधी इथे काम केलेल्यांची नावं, आठवतील तशी. स्वयंपाकी, ड्रायव्हर, प्राध्यापक, सगळे एकाखाली एक. एका पानावर लिहिलं होतं ‘राईस टीचर, इंडिया’ आणि पुढची ओळ कोरी. तुम्ही म्हणालात, “नाव विसरलो होतो, म्हणून जागा ठेवली.”

किती वर्षं ठेवली होतीत ती जागा?

बाबा दलदलीच्या शेतात ‘सुआकोको 8’ लावायला शिकवायचे, हेही तुम्हाला आठवत होतं. लोह जास्त असलेल्या त्या पाण्यात दुसऱ्या भाताची पानं तांबूस पडायची, हा वाण तग धरायचा. तुम्ही पेन माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, “तुमच्या अक्षरात लिहा. त्यांच्या आईने लिहिलं असतं तसं.” माझा हात थरथरत होता, म्हणून वही तुम्ही आपल्या मांडीवर दाबून धरलीत. मी बाबांचं पूर्ण नाव देवनागरीत लिहिलं. तुम्ही ते न वाचता येणारं नाव बोट फिरवून पाहिलंत, आणि निघताना बाबा करायचे तसा, बोटांची टिचकी वाजवून हात मिळवलात.

ज्यांच्याकडे कपाटं भरून फायली होत्या, पंखा होता, शिपाई होता, त्यांना माझे बाबा सापडले नाहीत. तुमच्याकडे एक वही होती. तुमच्यासारखी माणसं राहिली म्हणून ते कॉलेज पुन्हा उभं राहिलं, असंच मला वाटतं. कौलं आणि पैसे नंतर आले असतील.

तुम्ही नको म्हणालात म्हणून तुमचं नाव इथे लिहीत नाही. फोन लागला की हे सगळं इंग्रजीत वाचून दाखवेन. आईने त्या पानाचा फोटो मोबाईलवर मोठा करून तीन वेळा पाहिला. ती अजून रताळ्याचा पाला तुमच्याकडच्या पद्धतीने, पाम तेल मिळत नाही म्हणून खोबरेल तेलात करते. तिने विचारलंय, तुमचा गुडघा आता कसा आहे?