हरिपूरच्या पेवातलं प्रेत आणि वकीलकाकांचं लाल पेन

वकीलकाका, स.न.

माझ्या कादंबरीच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव घालायला तुम्ही साफ नकार दिलात. "पक्षकार हसतील" म्हणालात. म्हणून हे पत्र नावाशिवाय लिहितेय. सांगलीच्या वकिलांच्या बाररूममधल्यांनी कुणाबद्दल आहे ते ओळखलं, तर दोष माझा नाही.

दीड वर्षापूर्वी मी कादंबरीचा पहिला खर्डा तुमच्या टेबलावर ठेवला. गावातला एक साधा वकील, सांगलीजवळच्या हरिपूरला पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारात, सापडलेलं एक प्रेत आणि आरोपी म्हणून पकडलेला गरीब हमाल, अशी गोष्ट. मला वाटत होतं, तुम्ही कलमांचे आकडे तपासून द्याल. आठ दिवसांनी बाड परत आलं ते हळदीकुंकवाचं ताट असावं तसं, इतकं लाल.

पहिल्याच कोर्टाच्या प्रसंगात न्यायाधीश हातोडा आपटत होते. समासात तुमचा शेरा: "कुठे पाहिला?" पाहिला होता तो सिनेमात. सांगलीच्या कोर्टात मी तोवर पाऊलही ठेवलं नव्हतं. आरोपी वर्षभर दोषारोपपत्राशिवाय आत होता, तिथे नुसतं "90 दिवस. जामीन का मागत नाही हा गाढव?" (गाढव माझा नायक. मी दोन दिवस रुसले होते.)

खरा घाव शेवटच्या प्रकरणावर बसला. माझा खुनी पोलीस ठाण्यात, फौजदारासमोर ढसाढसा रडत सगळं कबूल करत होता आणि कादंबरी संपत होती. तुम्ही लिहिलंत, "पुरावा कायदा 1872, कलम 25. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. आता पुढे?" पुढे काहीच नव्हतं. तीनशे पानं त्या रडण्यावर उभी होती.

त्या संध्याकाळी काकूंनी भडंगाची ताटली पुढे केली आणि तुम्ही मला विचारलंत, गोष्ट कुठल्या सालची? मी म्हटलं, आत्ताची, 2024 च्या दिवाळीतली. तुम्ही हसलात. मग 302 कशाला लिहिलंस, 1 जुलै 2024 पासून खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम 103 लागतं. आणि पेवं कुठली आणणार? 2005 च्या महापुरानं हरिपूरची बहुतेक पेवं खाल्ली. म्हणून गोष्ट 2004 च्या उन्हाळ्यात नेली. 302 परत आलं, मोबाईल कमी झाले, सीसीटीव्ही गेले. लेखक म्हणून सुटल्यासारखं वाटलं.

पण आभार मानायचेत ते त्यानंतरच्या तासाभराचे. तुमचं आजोळ हरिपूरचं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. पेवाचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट माठासारखं फुगलेलं, वर पाला आणि माती लिंपून बंद. आत हवा नाही म्हणून हळदीला कीड नाही. आणि म्हणूनच महिनोन्महिने बंद असलेलं पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही. आधी वारा खेळू द्यायचा, मग कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर माणूसही विझतो. हे सांगताना तुमचा आवाज वकिलाचा राहिला नव्हता. आजीच्या परड्यातला वाटला.

मग तुम्ही माझ्याच खर्ड्यातला पंचनामा मला वाचून दाखवलात. सव्वादहाला पेव उघडलं, साडेदहाला हमाल खाली उतरला, प्रेत वर काढलं. "हा हमाल मेला कसा नाही?" मी म्हटलं, माझी चूक, दुरुस्त करते. तुम्ही बाड हातानं दाबून धरलंत. "चूक तुझी नाही, पंचनामा लिहिणाऱ्याची कर. पेव आदल्या रात्रीच कुणीतरी उघडलं होतं."

काका, रहस्यकथा लिहिणाऱ्याला एवढी मोठी देणगी क्वचित मिळत असेल.

आता माझा वकील शहरभर भिंग घेऊन फिरत नाही. खटला उभा राहतो 2006 मध्ये. पेव पुरात गेलेलं, जागा दाखवायला जागाच नाही. उरलाय तो फक्त पंचनाम्याचा कागद. उलटतपासात तो पंचाला तीनच प्रश्न विचारतो. पेव किती वाजता उघडलं? माणूस किती वाजता उतरला? कंदील सोडला होता का? पंच म्हणतो, गरज पडली नाही. आणि वकील खाली बसतो. मी तिथे दोन पानांचं भाषण घातलं होतं, ते तुम्ही कापलंत: "उत्तर मिळालं की बसावं. उभा राहिला तर साक्षीदार सावरतो." हे वाक्य मी चोरलंय, त्याच्या सीनियरच्या तोंडी घातलंय.

आदल्या रात्री पेव कुणी उघडलं, ते इथे लिहीत नाही. पुस्तक खपायला हवं.

फीचं विचारलं तर तुम्ही छत्री उचलून आयर्विन पुलाकडे फिरायला निघून गेलात. काकूंना मात्र मी पुस्तकाच्या दोन प्रती कबूल केल्यात.

शुक्रवारी प्रुफं घेऊन येते. पान 212 वर एक "मिलॉर्ड" अजून आहे. तो नवशिक्या वकिलाच्या तोंडी आहे आणि कोर्ट त्याला हसतं, तेव्हा कृपया खोडू नका.

तुमची,
लाल शाईची लाभार्थी