कवलापूर : धावपट्टीच्या आधी केबलचा चर

महोदय,

सांगलीजवळच्या कवलापूरच्या जुन्या धावपट्टीच्या जागेवर विमानतळ व्हावा, ही मागणी करणारी पत्रे आपल्या अंकात नेमाने वाचतो. धावपट्टी किती लांब हवी, कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ हाकेच्या अंतरावर असताना आपल्याला वेगळा विमानतळ कशाला, यावर सगळे हिरिरीने लिहितात. मी नोकरीभर टेलिफोनच्या केबली जोडल्या. त्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे : या विमानतळाचे दूरसंचार केंद्र कुठे बांधणार?

तिकीट खिडकीचे संगणक, उड्डाणांचे फलक, सीसीटीव्ही, उद्घोषणा, अग्निशमन दलाची हॉटलाइन, मोबाइल कंपन्यांचे अँटेना, सगळे तारेवर चालते. ज्याने त्याने आपापली केबल ओढली की थोड्याच वर्षांत छतावर असा गुंता होतो की चालू केबल कुठली आणि मेलेली कुठली हे कुणालाच सांगता येत नाही, आणि कापायला कुणी धजत नाही. म्हणून सुरुवातीलाच एक मध्यवर्ती केंद्र उभारून सर्वांनी तिथूनच जोडणी घ्यावी, हे उत्तमच.

पण सगळे एका खोलीत आणले की ती खोली गेली तर सगळेच जाते. शिकागोजवळच्या ऑरोरा येथील हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रात 26 सप्टेंबर 2014 रोजी एका कंत्राटी कर्मचाऱ्याने दूरसंचार खोलीतल्या केबलींना आग लावली. केंद्र पूर्ववत व्हायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. आपल्याकडे नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्ली विमानतळावर उड्डाण आराखडे पोचवणारी संदेश यंत्रणा बिघडली, नियंत्रकांना तेच काम हाताने करावे लागले आणि 800 हून अधिक विमानांना उशीर झाला.

तेव्हा खोल्या दोन हव्यात, इमारतीच्या दोन टोकांना. फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंची केबल, एका चरातून नको. एक सांगली-बुधगावकडून, दुसरी तासगावकडून. एकाच रस्त्याच्या दोन कडांना टाकलेल्या केबलींना दोन मार्ग म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. जेसीबीवाला मात्र दोन्ही एकाच दिवशी तोडतो.

आणि तळघर तर नकोच. कवलापूर कृष्णाकाठी नाही, मान्य. पण शहरातून निघालेली केबल पूर शिरणाऱ्या चेंबरमधूनही, म्हणजे केबली जोडायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांतूनही, येऊ शकते, आणि 2019 च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेले होते. आमच्या वेळी कागदी वेष्टनाच्या, शिशाच्या आवरणाच्या केबली असत. जोड देताना तारांवर उकळते मेण ओतायचे. वर बुडबुडे आले की समजायचे, आत ओल आहे. ते थांबेपर्यंत ओतत राहायचे. फायबरला मेण लागत नाही, पण तिच्या दोन्ही टोकांची उपकरणे आणि बॅटऱ्या पाण्यात टिकत नाहीत.

आणखी एक, जे कुठल्याच उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही : जोडांचे रजिस्टर. कुठल्या चेंबरमध्ये कुठली केबल, जोड कुणी दिला, कधी दिला. ठेकेदार बदलला की ही माहिती त्याच्याबरोबर जाते आणि नवा माणूस दुरुस्तीला आला की अंदाजाने खणत बसतो. हे रजिस्टर विमानतळाच्या मालकीचे राहील, अशी अट निविदेतच घालावी. आराखडा जाहीर होईल तेव्हा त्यात दोन खोल्या आणि दोन चर ठळक रेषेने दाखवावेत, म्हणजे आमच्यासारख्यांना हरकती नोंदवता येतील.

— एक निवृत्त केबल जॉइंटर, विश्रामबाग, सांगली