प्रोजेक्टसोबत लायब्ररींच्या व्हर्जनची यादीही मागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याचा, पर्वरीला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला, दुसऱ्या दिवशी फायनल इयर प्रोजेक्टची व्हायवा, आणि म्हणतो मामा काल चालत होतं, आज रन केलं की बंद पडतं, कोडला हातसुद्धा लावला नाही. रडायचाच बाकी होता बिचारा. फोटो बघून मासा बांगडा की तारली ते ओळखणारा, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला प्रोजेक्ट, चार पोरांची वर्षभराची मेहनत.

रात्री लॅपटॉप घेऊन घरी आला. स्क्रीनवर स्पष्ट लिहिलेलं, नमपाय 1 वर कंपाइल केलेलं मॉड्यूल नमपाय 2 वर चालणार नाही. नमपाय ही पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. काल काय टाकलंस विचारलं तर मित्राच्या प्रोजेक्टसाठी पिपने (पायथनच्या लायब्ररी टाकायचं टूल) एक लायब्ररी टाकलेली, तिला नमपाय 2 हवं होतं म्हणून पिपने जुनं काढून नवं बसवलं. लाल अक्षरात पिपने सांगितलंही होतं की व्हर्जन जुळत नाहीत, पण त्याच्याच खाली 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' येतं, मग पोरं ती लाल ओळ कशाला वाचतील! जून 2024 मध्ये नमपाय 2.0 आलं तेव्हा कितीतरी लायब्ररी अशाच अडलेल्या. व्हर्जनचा पहिला आकडा बदलला म्हणजे जुनं काहीतरी मोडू शकतं, हे चार वर्षांत त्याला कुणी सांगितलंच नव्हतं याचं मला फार वाईट वाटलं.

वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरता लायब्ररींचा स्वतंत्र कप्पा, करून त्यात नमपाय 2 च्या खालचं टाकलं, अर्ध्या तासात बांगडा परत बांगडा दिसायला लागला. ही सोय पायथनमध्ये 3.3 पासून, म्हणजे 2012 पासून आयती आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. अर्थात त्याने दोन प्रोजेक्टमधलं भांडण मिटतं, एकाच प्रोजेक्टमधल्या दोन लायब्ररींना वेगवेगळं नमपाय हवं असेल तर दोघींना चालेल असं व्हर्जन शोधत बसावं लागतं, कधी एक लायब्ररी सोडूनच द्यावी लागते, आणि आम्हा नोकरीवाल्यांचेही त्यात दिवस जातात.

त्याच्या कॉलेजच्या लॅबमध्ये म्हणे एका कॉम्प्युटरवर सगळ्यांना मिळून एकच पायथन, एकाने काही टाकलं की दुसऱ्याचं मोडतं, आणि मार्क कापले जातात ते कोड चालला नाही म्हणून. आपल्या सरकारने शाळांमध्येही कोडिंग आणलंय, चांगलंच आहे, पण मग हेही पहिल्याच वर्षी शिकवायला हवं. माझी कॉलेजांना कळकळीची विनंती आहे, पुढच्या बॅचपासून प्रोजेक्ट रिपोर्टसोबत पायथनचं व्हर्जन आणि पिप फ्रीझची यादी (ही कमांड टाकलेल्या लायब्ररी व्हर्जनसकट दाखवते) सक्तीने घ्या, आणि व्हायवाच्या आठ दिवस आधी ती यादी वापरून प्रोजेक्ट दुसऱ्या कोऱ्या मशीनवर एकदा चालवून बघा.

– एक वाचक, फोंडा