अबोल आजोबांना ‘हट्टी’ म्हणू नका

महोदय,

पुण्यातल्या वृद्धाश्रमांत नव्याने आलेले आजी-आजोबा कित्येकदा भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, ताट तसेच परत जाते. ‘हट्टी आहेत’ म्हणून त्यांना सोडून देणे चूक आहे. आधी कान पाहा: मळ साचला आहे का, श्रवणयंत्राचा सेल संपला आहे का. थायरॉईड, बी-१२ आणि नैराश्याची तपासणीही करून घ्यावी.

मग रोज एकाच सेविकेने, ठरल्या वेळी, १० मिनिटे जावे. दार वाजवावे, नाव सांगावे, खुर्ची ओढून समोर बसावे. उभ्याने वाकून बोलू नये. सुरुवातीला प्रश्न नकोतच. चहा ठेवून गप्प बसणेही पुरते. पुढे विचारावे, ‘आले घालू की गवती चहा?’ उत्तर नुसत्या मानेने आले, तरी चहा तसाच आला पाहिजे. अंगाला हात लावण्याआधी विचारावे. भजनाला ओढून नेऊ नये.

‘उद्या येते’ म्हणून न येणे सर्वांत महागात पडते. कित्येक आठवड्यांत कमावलेला विश्वास एका दुपारी जातो. म्हणूनच सेविकांच्या पाळ्या सारख्या बदलू नयेत, ही व्यवस्थापकांना कळकळीची विनंती.

– वृद्धसेवेतील कार्यकर्त्या, पुणे